घरचं गॅरेज : जिप्सीची थरथर, थारच्या तेलात पाणी आणि सोसायटीची परवानगी

पावसाळा सरला की या सदराच्या टपालात दोन तऱ्हेची पत्रं वाढतात. चिखलापाण्यातून आलेल्या गाडीला काय झालंय हे विचारणारी एक तऱ्हा, आणि गाडी उंच करायची आहे, काय काय बसवू, असं विचारणारी दुसरी. वागळे इस्टेटमधला आमचा लेथचा गाळा वडिलांच्या वेळेपासून जीपवाल्यांच्या ओळखीचा आहे. घरी काम करणारे हौशी लोक सुटे भाग पिशवीत घालून येतात. त्या पिशव्या बघून माझं मत पक्कं झालंय की उंच करायला काढलेल्या बहुतेक गाड्यांना आधी दुरुस्तीची गरज असते. या वेळची उत्तरंही त्याच अंगाने आहेत.

प्रश्न : ताई, २००४ सालची जिप्सी किंग जुनी घेतली. आधीच्या मालकाने २३५/७५ आर १५ चे मड टायर आणि लांब शॅकल (पाट्याच्या स्प्रिंगचं टोक चेसिसला टांगणाऱ्या पट्ट्या) टाकलेत. पामबीचवर साठच्या वेगात एखादा सांधा लागला की स्टिअरिंग हातात राहत नाही इतकं हलतं. वेग चाळिसावर आणला की थांबतं. तिघा मेकॅनिकांनी स्टिअरिंग डॅम्पर बदलायला सांगितलंय. बदलू का?
(एक वाचक, कोपरखैरणे)

उत्तर : आत्ता नको. आणि कारण सापडेपर्यंत ही गाडी पामबीचवर काढूही नका. तुमच्या बाजूने मोटारसायकलवाले जात असतात.

डॅम्पर, म्हणजे स्टिअरिंगचा शॉक अॅब्झॉर्बर, थरथर दाबतो, पण ती जिथून उठते ती जागा तशीच राहते. नवा डॅम्पर लावला की काही दिवस गाडी शहाण्यासारखी चालते. तेवढ्यात ढिला भाग आणखी ढिला होतो आणि थरथर परत येते ती आधीपेक्षा मोठी. जिप्सी, जुनी जीप, जिम्नी या गाड्यांना पुढे अख्खा एक्सल असतो, दोन्ही चाकं एकाच हाउसिंगला बांधलेली. एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्याला पोचतो आणि दुसरं तो परत पाठवतं. मधल्या सांध्यांत ढिलाई असेल तर हे थांबतच नाही. शोधायची आहे ती ढिलाई.

गाडी सपाट जागी, इंजिन बंद, चारही चाकं जमिनीवर. एकाला आत बसवून स्टिअरिंग थोडं थोडं डावं-उजवं करायला सांगा. तुम्ही टॉर्च घेऊन पुढून खाली बघा आणि एकेका सांध्यावर बोटं ठेवा. टाय रॉडची (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांडीची) टोकं, ड्रॅग लिंकची (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांडीची) टोकं, स्टिअरिंग बॉक्सला चेसिसशी धरणारे बोल्ट, पाट्यांचे बुश. एक भाग हलला आणि त्याला जोडलेला दुसरा क्षणभर उशिरा हलला, तर ते डोळ्यांआधी बोटांना कळतं.

मग पुढचा एक्सल उचलून घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवा. चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. खडखड लागली तर आतल्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खडखड गेली तर व्हील बेअरिंग ढिलं आहे. ब्रेक दाबूनही राहिली तर किंगपिनचं, म्हणजे चाक ज्यावर डावं-उजवं वळतं त्या खुंटीचं, बेअरिंग. तुमची लक्षणं वाचून माझा संशय किंगपिनवरच आहे.

किंगपिनच्या टोपीखाली पातळ शिम, म्हणजे पत्र्याच्या चकत्या, असतात. शिम काढलं की बेअरिंग घट्ट, घातलं की सैल. पण थांबा, नुसतं शिम काढून घट्ट करू नका. आधी बेअरिंग बाहेर काढा, पुसा आणि त्याची बाहेरची वाटी उजेडात तिरकी धरा. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे रोलर वर्षानुवर्षं एकाच जागी ठोकत राहतात आणि वाटीत बारीक उभ्या खाचा पडतात. नख फिरवलं की नख अडकतं. अशी वाटी कितीही आवळली तरी चाकं सरळ असताना रोलर नेमके त्या खाचांत जाऊन बसतात आणि ढिले राहतात, वळवताना मात्र स्टिअरिंग जड होतं. खाचा दिसल्या की बेअरिंग, वाटी आणि नकलचं (चाकासोबत वळणाऱ्या भागाचं) सील असा संच बदलायचा, दोन्ही बाजूंचा. ग्रीसमध्ये पातळ तेल मिसळलेलं दिसलं तर एक्सलचं आतलं ऑइल सीलही गेलंय. आता उघडलंच आहे तर तेही बदला.

बसवल्यावर घट्टपणा अंदाजाने ठरवू नका. टाय रॉड सुटलेला असताना, नकलचं सील लावण्याआधी, टाय रॉडच्या भोकात आकड्याचा स्प्रिंगकाटा अडकवा. पूर्वी भाजीवाले वापरायचे तो. काटकोनात हळू ओढा आणि नकल हलायला लागताना काटा किती दाखवतो ते वाचा. कंपनीच्या सर्व्हिस पुस्तकात दिलेल्या मर्यादेत तो आकडा येईपर्यंत शिम कमी-जास्त करायचे. हे काम घरी निवांत बसूनच चांगलं होतं. धंद्याच्या गॅरेजात चार-चारदा शिम बदलायला सवड कुणाला असते?

आता शॅकल. जिप्सीच्या पुढच्या पाट्यांचं शॅकल पुढच्या टोकाला असतं. ते लांब केलं की पाट्याचं पुढचं टोक चेसिसपासून खाली जातं, एक्सल पुढे कलतो आणि किंगपिनचा माथाही पुढे येतो. कॅस्टर कमी होतो तो असा. चाक आपणहून सरळ राहण्याची ओढ कॅस्टरमधून येते. ती कमी झालेल्या गाडीला थरथर धरायला थोडी ढिलाईसुद्धा पुरते. लांब शॅकल काढून मूळचे बसवा, हा माझा सरळ सल्ला. ते ठेवायचेच असतील तर पाटा आणि एक्सलच्या बैठकीमध्ये पोलादी पाचर बसवावी लागते, जाड बाजू पुढे. दोन-तीन अंशांपलीकडे जायचं नाही, कारण कॅस्टर सुधारताना पिनियन, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट एक्सलला जिथे जोडतो ते टोक, खाली वळतं आणि शाफ्टच्या क्रॉसवर ताण येतो. अॅल्युमिनियमची पाचर घेऊ नका. ती दबते, फुटते आणि मग यू-बोल्ट ढिले पडतात.

टायरचंही सांगते. जिप्सी किंगच्या मूळ २०५/७० आर १५ टायरचा व्यास साधारण ६६८ मिलिमीटर, तुमच्याचा ७३३. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा तुम्ही ६६ ने चाललेले असता. वजन वाढलंय ते वेगळंच. कुणा ओळखीच्याकडून मूळ मापाच्या चाकांची जोडी आणून पुढे लावा आणि मोकळ्या रस्त्यावर बेताने चालवून बघा. थरथर बरीच कमी झाली तर टायरचा हिस्सा किती हे कळेल. शेवटी टो-इन (पुढची चाकं किंचित आत वळलेली ठेवणं) आणि बॅलन्सिंग. बॅलन्सिंगला जाण्याआधी रिमच्या आतल्या बाजूचा वाळलेला चिखल खरवडून काढा. ओंजळभर चिखलानेही चाक डगमगतं.

एवढं सगळं झाल्यावर डॅम्पर जुना झाला असेल तर खुशाल बदला.

प्रश्न : माझी २०२१ ची डिझेल थार आहे. मुरबाडकडे एका ओढ्यातून चारदा आरपार केली, पाणी कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या आत होतं. चार दिवसांनी मागच्या डिफरेन्शियलच्या (एक्सलमधल्या गिअरच्या पेटीच्या) प्लगपाशी दुधाळ कॉफीसारखा ओघळ दिसला. गाडी व्यवस्थित चालते. काळजी करू का?
(एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : हो, आणि या आठवड्यातच करा. तेलात पाणी गेलंय.

थारची पाण्यातून जाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर दिली आहे, हे खरं. पण तुमच्या डिफरेन्शियलमध्ये पाणी खोलीमुळे शिरलं नसावं, तापमानातल्या फरकामुळे शिरलं असावं. ठाण्याहून मुरबाडपर्यंत चालून एक्सलचं तेल चांगलं तापलेलं असतं आणि आतली हवा फुगलेली असते. तसाच गरम एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि कुठून तरी बाहेरचं आत ओढते. ब्रीदर, म्हणजे एक्सलची हवा आत-बाहेर होण्याची वाट, मोकळा आणि पाण्याच्या वर असेल तर हवा आत येते. तो चिखलाने बुजलेला किंवा पाण्याखाली असेल तर पाणी येतं, ब्रीदरमधून नाहीतर ऑइल सीलच्या ओठातून. म्हणून ओढ्याच्या काठावर पोचल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबून एक्सल निवू द्यावा. चहा प्या, पलीकडचा काठ बघून या, काठीने खोली मोजा.

गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरलाच न्या आणि पाणी गेल्याचं स्पष्ट सांगा. लपवू नका. घरी करणार असाल तर एक नियम पाळा: तेल काढायचा खालचा प्लग उघडण्याआधी भरायचा वरचा प्लग उघडून बघा. खालून तेल काढून टाकलं आणि वरचा प्लग गंजून जाम निघाला, तर गाडी बिनतेलाची जागेवर बसते. आमच्याकडे असे फोन नेहमी येतात.

जुनं तेल पांढऱ्या डब्यात काढा. वर दुधाळ आणि तळाला स्वच्छ पाणी वेगळं झालेलं दिसलं तर पाणी बरंच होतं. चुंबकाच्या प्लगला लागलेला राखाडी लेप बोटांत चोळा. लोण्यासारखा मऊ असेल तर ती नेहमीची झीज आहे. टोचणारे कण लागले तर कव्हर उघडून बेअरिंग बघायला हवं. मग नवं तेल भरा, थोडं अंतर चालवा, पुन्हा काढा आणि दुसऱ्यांदा भरा. एका बदलीत सगळं पाणी निघत नाही, कानाकोपऱ्यात राहतं. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. तुमच्या मॉडेलला मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरेन्शियल असेल तर यात अजिबात तडजोड नको, आतल्या क्लच प्लेटना तेलाचा फरक कळतो.

त्याच दिवशी मागचे ब्रेक ड्रम उघडून आतली माती धुऊन घ्या. ब्रीदरची नळी कुठवर येते ते बघा. ती तेल-डिझेल सोसणाऱ्या नळीने लांबवून इंजिनच्या कप्प्यात उंच नेता येते. खर्च किरकोळ, आणि उंच करण्याच्या कुठल्याही किटआधी मी हे काम करून घेईन.

आणि गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, हे घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. वंदना टॉकीजपाशी तुंबलेल्या पाण्यालाही हेच लागू आहे. ओढून बाहेर काढा, टो करून न्या.

प्रश्न : जुनी विलिस पद्धतीची जीप सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः दुरुस्त करायची इच्छा आहे. सेक्रेटरी म्हणतात इथे गॅरेज चालणार नाही. सुरुवातीला कोणती हत्यारं घेऊ, आणि त्यांना कसं समजावू?
(एक वाचक, ऐरोली)

उत्तर : सेक्रेटरींचं म्हणणं समजून घ्या. त्यांना फरशीवर तेल, सकाळी ग्राइंडरचा आवाज आणि लहान मुलांच्या वाटेत उचललेली गाडी नको आहे. या तिन्ही गोष्टी तुम्हालाही नकोच असायला हव्यात. पत्र लिहा: कटिंग, वेल्डिंग, रंगकाम इथे होणार नाही, ते बाहेर करून आणेन. काम रविवारी दुपारपर्यंत. खाली ट्रे आणि ताडपत्री. गाडी उचललेल्या अवस्थेत सोडून मी घरी जाणार नाही. काढलेलं तेल डब्यात भरून गॅरेजला देईन. असं पत्र लिहिलं आणि पाळलं की बहुतेक ठिकाणी माणसं मवाळ होतात. तेलाचं तर मी हात जोडून सांगते. पार्किंगच्या जाळीत ओतलेलं तेल पावसाच्या गटारातून ऐरोलीच्या खाडीत जातं, जिथे आपण फ्लेमिंगो बघायला जातो. वापरलेलं तेल अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला देणाऱ्या गॅरेजकडेच पोचवा.

हत्यारांत पहिला खर्च घोड्यांवर. चांगल्या वजनाच्या दोन जोड्या. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली एक हातसुद्धा घालायचा नाही. हायड्रॉलिक जॅकचं सील कधी सुटेल हे आधी कळत नाही. सोसायटीत पेव्हर ब्लॉक असतात, ते एका बाजूला खचतात, म्हणून घोडीखाली जाड प्लायचा चौकोन ठेवा.

तुमच्या जीपबद्दल खास धोका सांगायचाय. विलिस घराण्यातल्या जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या एक्सलना जोर वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, प्रोपेलर शाफ्टवर त्याचा ड्रम असतो. मागचं एकच चाक उचललं तर शाफ्ट धरलेला असूनही डिफरेन्शियल उचललेल्या चाकाला उलटं फिरू देतं आणि जमिनीवरचं चाक पुढे जातं. हँडब्रेक ओढलेला, गिअर टाकलेला, आणि जीप जॅकवरून घरंगळते. म्हणून उचलण्याआधी जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून लाकडी उटी लावायची. विटेचे तुकडे नकोत, ते फुटतात.

बाकी रिंग पाने, गोटी पान्यांचा संच, लांब टॉमी, टॉर्क रेंच, मल्टिमीटर, गंज सोडवणारा स्प्रे. एवढ्यावर बरंच काम निघतं. प्रेस, लेथ, क्राउन-पिनियनची सेटिंग ही कामं घरची नव्हेत. भाग सोडवून आणा, आम्ही करून देऊ, तुम्ही बसवा. सोडवताना प्रत्येक पायरीचा फोटो काढा आणि बोल्ट ज्या भोकातून निघाला त्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवा.

प्रश्न : उलव्याला खाडीजवळ राहतो. उघड्यावर उभ्या असलेल्या माझ्या जुन्या मेजर जीपची चेसिस वरून काळी कुळकुळीत आहे, पण मागच्या शॅकलपाशी पापुद्रे निघतात. ओळखीचा वेल्डर म्हणतो वरून पट्टी मारू. मारू द्यावी का?

उत्तर : त्याआधी हातोडी घ्या, अर्धा किलोची पुरे. पुढून सुरुवात करून चेसिसवर दर चार बोटांवर हलके ठोके मारत मागे या. जाड धड पोलाद टणटण वाजतं आणि हातोडी उसळते. गंजलेल्या जागी आवाज बसका येतो, हातोडी उसळत नाही, आणि आतून माती नाहीतर गंजाची भुकटी झरते. अशी प्रत्येक जागा खडूने रंगवा. पाट्यांचे हँगर, बॉडीच्या बैठकी, आणि पेटीसारखा बंद भाग जिथे संपतो तिथली तळाची बाजू नीट ऐका. विकण्याआधी मारलेला काळा अंडरबॉडी कोट गंजाला ओल धरून देतो. वरून कुळकुळीत दिसणाऱ्या चेसिसची मला जास्त काळजी वाटते.

खडूच्या खुणा कमी आणि सुट्या असतील तर दुरुस्ती होते. सडलेला पत्रा धड पोलाद लागेपर्यंत कापून काढायचा आणि तेवढ्याच जाडीचा नवा बसवायचा. गंजावर पट्टी मारली तर वेल्डिंग धरायला खाली काही नसतं. चेसिसवर आडवी-उभी सरळ वेल्डिंगची रेघ ओढायची नाही, तिथूनच पुढे तडा जातो. पट्टीची टोकं शंकरपाळ्यासारखी तिरकी कापावीत. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची दोन्ही टोकं सोडा, डिझेलची टाकी उतरवा, ब्रेकचे पाइप बाजूला घ्या, अग्निशामक जवळ ठेवा. पाट्याला आणि त्याच्या यू-बोल्टला उष्णता लागता कामा नये, त्यांचं पाणी उतरतं. शॅकलचा हँगरच सडला असेल तर हे काम चेसिस करणाऱ्याकडे द्या. त्या एका हँगरवर गाडीचं मागचं वजन लटकलेलं असतं.

नंतर गंज-रोधक प्रायमर, रंग, आणि बंद पोकळ्यांत लांब नळीने मेण. पाणी निघायची भोकं उघडीच ठेवा. अलिबागच्या वाळूतून आलात की घरी पोचल्यावर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा, पोकळ्यांतूनही.

प्रश्न : ताई, मी इंजिनीअरिंगला आहे. बाबांच्या जुन्या जिप्सीला १०० वॉटचे बल्ब लावले तर होल्डर वितळला. जाड होल्डर मिळतो का?
(नेरूळ)

उत्तर : होल्डर बदलशील तर पुढच्या वेळी स्विच वितळेल. हिशोब तूच कर. १०० भागिले १२, म्हणजे एका बल्बला आठ अँपिअरच्या वर, दोघांना सोळाच्या वर. ६०/५५ वॉटच्या बल्बसाठी केलेल्या जुन्या वायरिंगमधून आणि स्विचमधून हे जातंय. शिवाय रस्त्यावर समोरच्याच्या डोळ्यांवर येणारा तेवढा दिवा कायद्यात बसत नाही.

६०/५५ चेच बल्ब परत लाव. दिवा चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज मोज, मग बल्बच्या टोकांवर मोज. वाटेत दीड व्होल्ट गळत असेल तर उजेड तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी होतो. बाबांची तक्रार तीच असणार. आता हाय आणि लो साठी एकेक रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) लाव. ३० नंबरला बॅटरीहून फ्यूजमधून आलेली अडीच स्क्वेअर एमएमची वायर, ८७ वरून बल्ब, ८६ ला जुन्या होल्डरची वायर, ८५ अर्थ. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा, कारण वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर फ्यूजच्या आधीचा तुकडा कुणीच वाचवत नाही. अर्थची वायरही तेवढीच जाड घे आणि रंग खरवडून बोल्टला लाव. जोड क्रिंप कर, नुसता पीळ देऊन टेप मारू नकोस. हे केलंस की त्याच बल्बचा उजेड बाबांना वेगळा वाटेल.

प्रश्न : माझ्या एमएम ५४० चं प्यूजो इंजिन थकलंय. दुसऱ्या कंपनीचं मोठं टर्बो इंजिन आणि पुढे बुल बार बसवून देणारा मिळालाय. कागदपत्रं नंतर बघू म्हणतो.
(एक वाचक, कळवा)

उत्तर : कागद आधी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. बुल बारबद्दल केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाईचं पत्र पाठवलंय. तो बार पायी चालणाऱ्याला जास्त इजा करतो, म्हणून मला तो निर्णय मनापासून पटतो.

तुमची जीप पंधरा वर्षांपुढची. नोंदणीच्या नूतनीकरणाला दर पाच वर्षांनी आरटीओत उभी करावी लागणार, आणि तिथे इंजिन नंबर बघतात. अपघात झाला तर विमा कंपनीही बघते. थकलेलं इंजिन उघडून मोजून घ्या. बोअर, क्रँक, हेड यांचं काम वागळे इस्टेटमध्येही होतं आणि रबाळ्यातही. इंजिन बदलायचंच असेल तर ठाणे आरटीओत जाऊन आधी लेखी परवानगी, मग काम, मग आरसीवर नोंद, या क्रमाने. कंपनीने त्या मॉडेलला दिलेल्या इंजिनाच्या जवळ राहाल तेवढं काम सोपं. आणि मोठ्या इंजिनाचा जोर जुन्या गिअरबॉक्सला, मागच्या एक्सलला आणि ड्रम ब्रेकला सोसावा लागतो, हा हिशोब तुम्हाला कुणी सांगितला नसेल.

प्रश्न : सराव कुठे करावा? खारघरजवळ खाडीकाठी चिखल आहे, येऊरही जवळ आहे.

उत्तर : दोन्ही नाही. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. खाडीकाठची तिवरं संरक्षित आहेत, उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांच्या तोडीवर राज्यभर बंदी घातली. तिवरांची मुळं चिखलातून वर डोकं काढून श्वास घेतात. टायरखाली ती मोडली की झाड उभ्या उभ्या मरतं. मासळीची पिल्लं त्याच मुळांत वाढतात आणि त्यावर आपल्याच कोळीवाड्यांची घरं चालतात. मालकाच्या परवानगीने खासगी जमिनीवर, किंवा शिकवणाऱ्यांच्या ट्रॅकवर जा.

प्रश्न : कर्जतला मित्राची गाडी चिखलातून ओढताना टो बॉल तुटून दोर सुटला. कुणाला लागलं नाही. पुढच्या वेळी काय काळजी घेऊ?
(एक वाचिका, खारघर)

उत्तर : कुणाला लागलं नाही हे वाचून जीव भांड्यात पडला. टो बॉल ट्रेलर ओढण्यासाठी असतो, रुतलेली गाडी उपसण्यासाठी नाही. ताणलेल्या दोरातली सगळी ताकद त्या तुटलेल्या गोळ्यात जाते आणि तो काच फोडून आत येऊ शकतो.

चेसिसला बोल्ट केलेला रिकव्हरी पॉइंट दोन्ही गाड्यांना हवा. पुढचा जहाजावर गाडी बांधायचा पातळ हूक त्यात धरू नका. कामाचं वजन कोरलेलेच डी-शॅकल (दोर अडकवायची पिनवाली कडी) घ्या, आणि पिन पूर्ण आवळून पाव फेरा मागे घ्या म्हणजे जाम होत नाही. ओढण्याआधी फावड्याने चाकांपुढचा आणि डिफरेन्शियलखालचा चिखल काढा, टायरची हवा अठरा-वीस पीएसआयवर आणा. अर्ध्याहून जास्त वेळा गाडी एवढ्यावरच निघते. विंच (दोर गुंडाळून ओढणारी विजेची मोटार) वापरत असाल तर इंजिन चालू ठेवा, पूर्ण ओढीला ती शेकडो अँपिअर खाते आणि बॅटरी बसते. दोराच्या मधोमध जाड ओली चादर किंवा गोणपाट टाका. गाडीतल्या दोघांशिवाय सगळ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट लांब, बाजूला उभं राहायचं. खुणा एकानेच करायच्या. दोर ताणलेला असताना तो ओलांडायचा नाही. घरी परतण्याआधी टायरमध्ये हवा पुन्हा भरा, कमी हवेच्या टायरवर द्रुतगती मार्गाला लागू नका.